मिठी आली नाही

नव्या शाळेत ठकी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून डबा खायची. वर्गातल्या मुलींच्या जोड्या केव्हाच जमल्या होत्या आणि ही आली वर्षाच्या मध्यावर. वडिलांना सीमेवर पाठवलं, लष्करी वसाहतीतलं घर सोडावं लागलं आणि मायलेकी या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. जुन्या शाळेत अपूर्णांक अजून शिकवायचे होते, नव्या शाळेत ते शिकवून झाले होते. गणिताच्या तासाला ठकी खाली मान घालून पेन्सिल कुरतडत बसे.

प्रवेशाच्या दिवशी आईने मुख्याध्यापिकाबाईंकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या.

"हिचे अपूर्णांक कुणी जरा बसून करून घेतले तर बरं होईल. आणि बाई, हिला वर्गातून मधूनच बोलावू नका हं. वसाहतीतल्या शाळेत हिची मैत्रीण शेजारीच बसायची. तिला एकदा असंच शिपायाबरोबर बोलावून नेलं. तिचे वडील गेले होते. तेव्हापासून शिपाई दारात दिसला की हिला धडकी भरते."

"अहो, काळजीच सोडा!" बाई म्हणाल्या. "सैनिकांची मुलं म्हणजे आमच्या शाळेची शान!"

ही शान फाटकावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती. अपूर्णांकांसाठी मात्र कुणाला फुरसत नव्हती. वर्गशिक्षिकेने एकदा भीतभीत विषय काढला, तर बाई म्हणाल्या, "एकीचे लाड केले की बाकीचे पालक डोक्यावर बसतील." वर्गशिक्षिकेने मान डोलावली आणि विषय तिथेच बारगळला.

मग स्नेहसंमेलन जवळ आलं आणि ज्या शाळेला वेळ नव्हता तिला उदंड वेळ मिळाला. ठकीचे वडील रजेवर येणार असल्याचं बाईंनी हुडकून काढलं आणि थेट त्यांनाच फोन लावला. घरी कळवू नका, आधी शाळेत या, गणवेशातच या, लेकीला आनंदाचा धक्का देऊ. माणूस भोळा. बाईंचा शब्द कसा मोडायचा म्हणून हो म्हणाला. पडदा कधी सरकवायचा, व्हायोलिन कधी वाजवायचं, याची आठवडाभर तालीम झाली. मुलीला काय वाटेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी ठकीचे बाबा सकाळपासून खेळाच्या सामानाच्या खोलीत, जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या ढिगात बसून होते. बाहेर डोकवायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. आई सैनिक कुटुंबांच्या सत्काराच्या आमंत्रणावरून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. तिलाही काही ठाऊक नव्हतं.

पाळी येईपर्यंत मुलांना वर्गातच बसवलं होतं, तिथे शिपाई आला. "ठकी, दप्तर घेऊन चल. मोठ्या बाईंनी बोलावलंय."

ठकी दप्तर छातीशी धरून त्याच्यामागून निघाली. विंगेत बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "बाळा, खंबीर राहा हं. तुझ्या बाबांबद्दल सांगायचंय."

उत्कंठा वाढावी म्हणून बाईंनी हे वाक्य मुद्दाम योजलं होतं. लिहितानाही किळस येते.

रंगमंचावर व्हायोलिन सुरू झालं. बाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "या चिमुरडीचे वडील देशासाठी लढतात. आज त्यांच्याबद्दल एक बातमी..." आणि तालमीत ठरल्याप्रमाणे थांबल्या.

"सांगू नका!" ठकी किंचाळली. "नका ना सांगू!" कानांवर हात दाबून ती मटकन खाली बसली. आई उठून धावली. प्रेक्षकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी हळहळत म्हणालं, "किती गोड आहे नाही!"

पडदा सरकला. बाबा हसत पुढे आले. ठकीने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते खरे वाटेनात तिला. ती उठली आणि त्यांच्या लखलखीत बुटांवर भडाभडा ओकली. आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हो, टाळ्यांचा.

कॅमेरावाला पुढे सरसावला. "बाई, मिठी आली नाही. परत एकदा घेऊ या का?"

"घेऊ या की," बाई म्हणाल्या. "शिपाईदादा, ते जरा पुसून घ्या. साहेब, तुम्ही परत पडद्यामागे जाता?"

आयुष्यभर हुकूम पाळलेला तो माणूस सवयीने एक पाऊल मागे सरकलासुद्धा. पण ठकीच्या आईने त्याचा दंड धरला.

"कुठे निघालात? दुसऱ्यांदा बाप मारायचाय का तिचा?"

"मी हात जोडून सांगितलं होतं, हिला असं बोलावू नका म्हणून," आई बाईंना म्हणाली. "अपूर्णांक शिकवायला माणूस नव्हता तुमच्याकडे. रडवायला बरी अख्खी शाळा सापडली!"

बाबांनी ठकीला उचललं. "चुकलो गं," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरले. कुणी हार घेऊन आडवं आलं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ओकारी कापून ती चित्रफीत पुढे पालकसभेत दाखवली गेली. पुष्कळांनी डोळे टिपले. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून वर्गशिक्षिका उठली. या वेळी तिने मान डोलावली नाही. "त्या मुलीला त्या क्षणी वाटत होतं की आपले बाबा मेले," ती म्हणाली. "आपण ते बघून टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा." बाईंनी पुढचा विषय पुकारला.

आता मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका आपला डबा घेऊन जिन्याच्या त्याच पायरीवर बसते. खाणं झालं की दोघी अपूर्णांक सोडवतात. कधी ठकीला वर्गातून बोलवायचं झालंच, तर वर्गशिक्षिका शिपायाला पाठवत नाही. स्वतः जाते आणि दारातूनच म्हणते, "ठकी, तुझे बाबा ठीक आहेत. आता जरा बाहेर ये."

तरी ते ऐकेपर्यंत ठकी बाकाची कड घट्ट धरून बसलेली असते.