नुसतं गुड

"आणि तुमचा मिस्त्री कसा आहे?" मोठ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"गुड," पंपहाऊसचे साहेब म्हणाले.

मोठे साहेब पेन उचलून थांबले. "जस्ट गुड?"

पुढे कोणता शब्द यायला हवा, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. व्हेरी. साहेबांनाही कळत होतं. त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाले, "गुड, सर."

फोरमनची जागा एकच होती. ती मिळाली असती तर मिस्त्रीला टेबल-खुर्ची मिळाली असती. त्याचे गुडघे पार कामातून गेले होते, आणि पंप सगळे खाली खड्ड्यात. उतरायला सरळसोट लोखंडी शिडी.

पण व्हेरी या शब्दाशी साहेबांचं उभं वैर! शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलं होतं की, ज्याला नेमका शब्द सापडत नाही तो व्हेरी लावतो. ते साहेबांनी असं काही मनावर घेतलं, की हाताखालच्यांच्या पत्रांतून ते व्हेरी वेचून काढत, धान्यातले खडे काढावेत तसे. "सोनं म्हटल्यावर पिवळं कशाला सांगायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी बायको म्हणायची, "आमच्याकडे 'बरं झालंय' म्हणाले की समजायचं, स्वारी आज खूश आहे." पंपहाऊसवरही हे सगळ्यांना पाठ होतं. साहेब गुड म्हणाले तर त्यापुढे काही नाही, आणि तेही माणसाच्या तोंडावर कधी म्हणायचे नाहीत.

मोठ्या साहेबांच्या खोलीत ही किंमत कुणाला ठाऊक असणार? पलीकडच्या पंपहाऊसच्या साहेबांनी आपल्या फिटरला व्हेरी व्हेरी गुड म्हणून टाकलं, वर एक्सलंटची फोडणी दिली. त्याच फिटरने मध्यंतरी झडप उलटी बसवून अर्ध्या गावाचं पाणी तोडलं होतं. जागा त्याला मिळाली.

साहेब बाहेर पडले, जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

"सर, माझं चुकलं. मला व्हेरी गुड म्हणायचं होतं."

मोठे साहेब हसले. "अहो, दोनदा विचारलं की मी! तुम्ही शब्द मोजून बोलणारे. मला वाटलं, माणसात काहीतरी खोट असणार."

"खोट कसली, सर! त्याच्यासारखा माणूस नाही आपल्याकडे."

"मग तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती?" ते चिडले नव्हते, त्यामुळे साहेबांना ते जास्तच लागलं. "सही झाली. आता काही होत नाही."

पंपहाऊसकडे येताना साहेबांना स्वतःची शरम वाटत होती. शब्द सुचला नाही, असं थोडंच होतं? सुचला होता, जिभेवर आला होता. चार माणसांत आपलं इंग्रजी किती चोख आहे हे दाखवायला त्यांनी दुसऱ्याचे गुडघे पणाला लावले होते.

मिस्त्री हात पुसत समोर आला. "काय झालं, साहेब?"

"नाही झालं, मिस्त्री."

"हां." तो जरा वेळ हातच पुसत राहिला. "जाऊ द्या. नशिबात खड्डाच लिहिलाय."

"नशीबबिशीब काही नाही. माझ्यामुळे गेली. त्यांनी विचारलं मिस्त्री कसा आहे, आणि मी नुसतं गुड म्हणालो."

मिस्त्री बघतच राहिला. "गुड म्हणालात? मला?"

"अहो, व्हेरी गुड म्हणायला हवं होतं! तो पलीकडचा बघा..."

"त्याचं काय सांगता! तो आपल्या कुत्र्यालाही व्हेरी गुड म्हणतो." मिस्त्रीचा चेहरा खुलला होता. साहेबांना त्याच्याकडे बघवेना. "मोठ्या साहेबांसमोर म्हणालात?"

"मिस्त्री, ऐका तर माझं. शिव्या द्या मला."

पण मिस्त्रीने बायकोला फोन लावलासुद्धा. "अगं, नाही मिळाली. नाही गं. पण ऐक ना, साहेब मला गुड म्हणाले! सगळ्यांच्या देखत!" मग तो साहेबांकडे वळला. "हिला खरंच वाटत नाहीये. तुम्हीच सांगा." फोन त्यांच्या हातात कोंबून त्याने पाना कमरेला खोचला आणि तो शिडीकडे निघाला.

"खरं आहे, वहिनी," साहेब म्हणाले.

वहिनी मनापासून हसल्या. मग जरा थांबून त्यांनी साधंच विचारलं, "मग हो साहेब, जागा का नाही दिली यांना?"

मिस्त्री उतरत होता. आधी एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडा दम. "हॅलो? साहेब?" वहिनी विचारत होत्या. साहेब फोन कानाला लावून उभे राहिले. मिस्त्री अजून अर्ध्या शिडीवरच होता.