बांधाखालचा कोळसा

नर्मदाबाईचा दिरावरचा संशय आजकालचा नव्हता. आश्रुबानं बांधावरचा दगड सरकवून आपल्या रानाची चार हातांची पट्टी गिळली, याबद्दल तिची खात्रीच होती. वर हा माणूस जाता-येता हसून विचारी, "वयनी, जिंतूरला लय चकरा व्हायल्यात?" त्या हसण्यानं तर तिला जास्तच शंका येई.

चकरा वकिलाकडं होत्या. वकीलपत्रावर सही झाली होती, सोमवारी दावा लागणार होता.

"मावशी, दगड हलवला याला पुरावा काय?" वकिलानं विचारलं.

"कोळसा हाय," ती म्हणाली.

वाटणी झाली तेव्हा ती नवी नवरी होती. दगड रोवण्याआधी सासऱ्यांनी खड्ड्यात कोळसा आणि फुटक्या घागरीची खापरं पुरली होती. "पोरी, दगडाला पाय फुटत्यात. कोळसा कुजत न्हाई अन् जागचा हलत न्हाई," असं म्हणाले होते.

बाजाराच्या दिवशी आश्रुबा बोरीला गेलेला पाहून ती खुरपं घेऊन बांधावर बसली. दगडाच्या बुडाशी उकरलं. नुसती माती! सरकवलाच की मेल्यानं! म्हणजे खरी जागा त्याच्या बाजूला असणार. तिकडं चार हात उकरत गेली. काहीच नाही. घाम पुसत मागं फिरली, आपल्या कापसात उगीच दोन-चार ठिकाणी खुरपं मारून पाहिलं. चार हातांवर ते खापरावर खणकन वाजलं. खाली कोळसा, काल पुरल्यासारखा काळाभोर.

म्हणजे दगड उभा होता तो दिराच्या रानात.

तिला एकदम आठवलं. भूकंपाच्या साली तिचे मालक, माणिकराव, एका सकाळी कंबर धरून घरी आले होते. विहिरीवर पाय घसरला म्हणाले. आठ दिवस तिनं त्या कमरेला तेल चोळलं होतं. आता विचारावं तर माणूस राहिला नव्हता.

"घावला का, वयनी?"

मागं आश्रुबा उभा होता, हातात बाजाराची पिशवी.

"तुमाला माहीत व्हतं?"

"दादाला कोन इचारनार? म्हनलं, वयनी दावा लावायल्यात, तर मोजणी व्हईल अन् आपसूक निघंल." तो हसला. "फी बी तुमचीच."

तिनं खुरपं खाली ठेवलं. मग वकिलाला फोन लावला. "सायेब, सोमवारचं ऱ्हाऊ द्या."

पदर खोचून ती दगडाशी गेली. "हात लावा, भाऊजी. एकट्यानं उचलून तुमच्या दादाची कंबर गेली."

दगड कोळशावर बसेपर्यंत तिनं दिराच्या हातावरची नजर हलवली नाही.