थोरलीचा लाल रंग

डागडुजी झालेल्या जुन्या चर्चच्या पाच खिडक्यांचं काम दोघी बहिणींच्या रंगीत काचांच्या कारखान्याला मिळालं. चित्रावर सही मात्र एकट्या थोरलीची होती. चित्र होतंही तिचंच. संत नाहीत, देवदूत नाहीत. नुसती एक लाल नदी, जमिनीपासून कमानीपर्यंत पाचही खिडक्यांतून चढत गेलेली. धाकटी काचा कापायची, शिशाच्या पट्ट्यांत बसवायची. "माझंही नाव घाल ना, ताई," असं ती दोनदा म्हणाली होती.

"अगं, सही डोक्याची असते, हातांची नव्हे," म्हणत थोरली हसली होती.

त्याच वर्षी थोरली छातीच्या दुखण्यातून उठली. औषधांनी जीव वाचवला, पण डोळ्यांच्या नसा बिघडवल्या. लाल आणि हिरवं तिला सारखंच मातकट दिसू लागलं. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. काचांवरच्या रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून ती वेळ मारून न्यायची. पण एकदा उरलेले तुकडे तिने निवडून ठेवले आणि धाकटीने पेटी उघडली, तर लाल-हिरवे एकाच कप्प्यात. धाकटीच्या लक्षात आलं. 'डॉक्टरकडे चल' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि पेटी झाकली.

समितीला नमुने दाखवायच्या दिवशी निघताना थोरलीने विचारलं, "चिठ्ठ्या बघितल्यास ना नीट?"

"बघितल्या गं ताई. तू निर्धास्त राहा."

चर्चमध्ये ओल्या चुन्याचा वास होता. फादर आणि समितीची मंडळी पहिल्या बाकांवर बसली. थोरलीने एक काच उन्हात धरली. "हा माझा लाल. अंगावर कसा पडतो बघा."

तिच्या गालावर, पांढऱ्या सदऱ्यावर हिरवागार उजेड पडला. कुणीतरी फिस्सकन हसलं. फादर चाचरत म्हणाले, "बाई, हा हिरवा आहे."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पुढे आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, तुला दिसत नाही का गं?"

काम धाकटीकडे गेलं, चित्रासकट.

"चिठ्ठ्या तू बदलल्यास," कारखान्यात परतल्यावर थोरली म्हणाली.

"हो."

"डोळ्यांचं कळलंय असं मला एकटीला सांगितलं असतंस, तर मी तुझं नाव घातलं असतं."

"आता मला मागायची गरज नाही." धाकटीने तिच्या हातात डाग द्यायची सळई दिली. "शिशाचे सांधे जोड. त्याला रंग ओळखावे लागत नाहीत."

आणि थोरली खरंच जोडत बसली. ती कुठे जाणार होती?

खिडक्या बसल्या त्या सकाळी चर्चमध्ये दोघीच होत्या. थोरली बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "लाल तोच ठेवलास ना, मी निवडलेला?"

धाकटीने वर पाहिलं. नदी जशी चित्रात होती तशीच, किंबहुना जास्त देखणी, पेटली होती. एकही काच तिने बदलली नव्हती. बदलायला तिचा हातच धजला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "शोभत नव्हता. सगळं हिरवं केलं."

थोरली बाकांना धरत धरत बाहेर गेली.

उद्घाटनाला माणसं त्या लाल उजेडात हात पसरून उभी होती. फादरनी विचारलं, "ताई नाही आल्या?"

"तिला बघवत नाही," धाकटी म्हणाली, आणि फोटोसाठी पुढे सरकली.