स्वागताला गोरी बाई

आखातातल्या अल रीम आयलंडवरील सुचित्राच्या नव्या वाचनवर्गाला भांडवल देणारे विजयकुमार उद्घाटनापूर्वी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमची वांजिरू उत्तम शिकवते; पण ती पडली केनियाची. आज तिला आत बसवा, स्वागताला एखादी गोरी बाई उभी करा. पालक रंग पाहूनच नाव नोंदवतात."

"तुमच्या लेकीला, आभाला वाचायला कोणी शिकवलं?"

"वांजिरूनंच. पण ते आम्हाला ठाऊक. बाकीच्यांना कुठे ठाऊक?"

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना!"

"मला नका गुंतवू. गोरी बाई नसेल तर माझे पैसे विसरा. खलास!"

शिक्षक निवडताना होणाऱ्या वर्णभेदाविरुद्ध काढलेल्या वर्गाच्या दारातच वर्णभेदाला मानाने उभे करायचे, ही मागणी सुचित्राला निर्लज्ज वाटली.

"विसरले," ती म्हणाली, आणि जमलेल्या पालकांदेखत फीत कापण्याची कात्री तिने वांजिरूच्या हाती दिली.