दस्तगीरअण्णाची बांधणी

आमच्या टोळीत बाप्यामाणूस कधी नव्हता. टोमॅटोची रोपं लावायची, फुटवे काढायचे, सुतळीनं झाडं तारेला बांधायची, हे आमच्या कोलार भागात बायकांचं काम. पुरुष दांडे ठोकतात, तारा ताणतात आणि बांधावर बिडी ओढत बसतात. म्हणून दस्तगीर माझ्या दारात येऊन म्हणाला, "मुनिरत्नम्मा, बांधणीला एक माणूस घेशील का?" तेव्हा मला वाटलं, बायकोसाठीच विचारतोय.

"पाठव की जैतुनबीला."

"ती नाही. मीच येतो म्हणतोय."

पन्नाशी उलटलेला माणूस. तीस वर्षं शिडलघट्ट्याला कोष उकळून रेशमाचा धागा काढत होता. नवी यंत्रं आली, जुन्या कढया बंद पडल्या आणि हा गावी परतला. दोन महिने घराबाहेर दिसला नव्हता. कंबर दुखरी, त्यामुळे खणायचं काम त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. टोळीची मुकादम मी, पण तोंडावर नाही म्हणणं काही मला जमलं नाही.

ब्यारेड्डीच्या मळ्यात बारा ओळी होत्या, झाडं गुडघ्याला लागलेली. मी त्याला एकदा करून दाखवलं. सुतळी आधी तारेला, मग एक पीळ, मग खोडाभोवती सैल फास. "आत बोट फिरलं पाहिजे, अण्णा. आवळलंस तर उद्या खोड जाड झालं की सुतळी त्याला कापते."

त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. टोळीतली चौडम्मा आपली ओळ संपवून परत आली तेव्हा हा एकोणिसाव्या झाडाशी होता.

"अण्णा, टोमॅटो आहे तो, नवरी नाही," चौडम्मा ओरडली. "हळद लावत बसलास का?"

सगळ्या हसल्या. तो विसाव्या झाडाकडे वळला. दुपारी आम्ही करंजाच्या सावलीत नाचणीच्या उकडीचा मुद्दा आणि पालेभाजीचं सार काढून बसलो, तर हा डबा घेऊन लांब पाटाच्या कडेला. गरम पाण्यात राहून राहून त्याच्या बोटांची कातडी पातळ झाली होती. टोमॅटोचा चीक त्यात चरचरत होता आणि हात हिरवेकाळे पडले होते. मी उठून त्याला चिंचेचा गोळा दिला. "चोळ. निघतं यानं."

त्यानं हात उलटेपालटे करून पाहिले. "तीस वर्षं पांढरेफटक हात घेऊन घरी गेलो. आज बायको ओळखायची नाही."

"हातांवरून ओळखते होय तुला?" चौडम्मानं तिथूनच विचारलं.

तो लाजला. कानापर्यंत लाल झाला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा आमच्या घोळक्यात आला, आणि दुसरी बांधणी आली तोवर तो आमच्या बरोबरीनं ओळ संपवू लागला. ब्यारेड्डी मात्र कुरकुरायचाच. "ए बाप्या, बायकांत काय करतोस?" असं येता-जाता म्हणायचा.

झाडांना हिरवी फळं लागली आणि चेन्नईच्या बाजूनं वादळ आलं. दोन दिवस वारा आणि पाऊस. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात पोचलो तर दांडे मोडलेले, तारा खाली, आणि बाराच्या बारा ओळी चिखलात आडव्या. ब्यारेड्डी डोक्यावर टॉवेल घेऊन बांधावर बसला होता.

"ट्रॅक्टर फिरवतो आता. जा तुम्ही घरी."

घरी कशा जाणार? दोन वेळा या झाडांना आमचे हात लागले होते. चौघींनी मिळून तार धरली आणि उचलली. काड काड आवाज झाला. तीन झाडं फळांसकट मोडली. चौडम्मानं तार सोडली आणि ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"थांबा," दस्तगीर म्हणाला. "कुणी ओढू नका."

तो ओळीच्या कडेनं चालत गेला, वाकून बघत परत आला, पुन्हा गेला.

"काय हरवलंय?" ब्यारेड्डी वैतागला.

"टोक शोधतोय, रेड्डी. कढईत कोष उकळतात तेव्हा सगळे धागे एकमेकांत गेलेले असतात. मध्येच ओढलं की तुटतात. वरचं टोक सापडावं लागतं." तो ओळीच्या शेवटच्या झाडाजवळ थांबला. "वारा तिकडून आला. म्हणजे एक झाड दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर. हे सगळ्यांच्या वर आहे. इथनं सुरू करू."

त्यानं विळ्यानं जुनी सुतळी कापली, दोन्ही तळव्यांवर झाड उचललं आणि मला काठी रोवायला सांगितली. झाड गुडघ्याएवढं वर आल्यावर तिथेच सैल बांधून टाकलं.

"अजून तिरकंच आहे की," मी म्हटलं.

"आज एवढंच. उद्या वीतभर, परवा आणखी. दोन दिवस पडून राहिलेल्याला एकदम उभं केलं तर कंबर जाईल त्याची. माझीच सांगतोय मी."

चौडम्मा तशातही हसली. मग आम्ही दोघी-दोघी मिळून कामाला लागलो, एकीनं उचलायचं, एकीनं बांधायचं. तासाभरानं मागे ठकठक ऐकू आली. ब्यारेड्डी स्वतः नवे दांडे ठोकत होता. कुणाकडे बघत नव्हता, पण ठोकत होता.

पाच दिवस लागले. उताराकडच्या तीन ओळींत पाणी साचून मुळं कुजली होती, त्या उपटाव्या लागल्या. दस्तगीरच्या मनाला त्या फार लागल्या. आपल्याच हातून काही चुकल्यासारखा तो सारखा तिकडे जाऊन बघायचा. उरलेल्या नऊ ओळी आठवडाभर पिवळ्या, मलूल राहिल्या. मग एका सकाळी त्यांचे शेंडे उन्हाकडे वळलेले दिसले. आम्हाला सुट्टी होती, पण मी सहज गेले होते. बघते तर हा आधीच तिथं उभा.

"बघितलंस?" एवढंच म्हणाला.

पहिल्या तोडणीला ब्यारेड्डीनं कोपऱ्यातल्या देवाच्या दगडापुढे कापूर लावला आणि हाक मारली, "दस्तगीरअण्णा, पहिलं फळ तू तोड." आम्ही बायका एकमेकींकडे बघतच राहिलो. दस्तगीरनं हात पँटला पुसले आणि देठासकट एक फळ तोडून दगडापुढे ठेवलं.

तोडणी आणि शेंड्यांची बांधणी बरोबरच चालू होती. त्याच आठवड्यात जैतुनबी बांधावर येऊन उभी राहिली.

"हे घरी टोमॅटोशिवाय दुसरं बोलतच नाहीत," ती म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी."

"नुसतं बघायला कोण येतं?" चौडम्मानं सुतळीचं बंडल तिच्या हातात दिलं. "चल, उतर खाली."

जैतुनबीनं पदर खोचला. दस्तगीर दोन झाडं सोडून पुढे सरकला, बायकोला जागा करून दिली आणि अगदी हळू, तिला नीट दिसेल असा, सुतळीला पीळ देऊ लागला.