बोर्डावर लावली होती

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे आणि मला राग आलेला आहे. तुम्ही आजवर ज्यांच्या कहाण्या ऐकल्या असतील ती छत्री, ती सायकल, ती शाळेची घंटा, सगळी बिचारी शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना क्षमा करतात. मी तसलं काही करणार नाही. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर वाट मोकळी आहे.

माझा जन्म माकुणसारच्या शांताराम मिस्त्रींच्या अंगणात झाला. त्याला आता अठरा वर्षं झाली. सागाची चौकट, आत टाचणी सहज शिरेल असा मऊ बोर्ड, त्यावर हिरवं कापड आणि पुढे सरकती काच. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘परिचर्या महाविद्यालय’. पालघरहून बोईसरला जाताना रस्त्याला लागूनच विद्यापीठाशी संलग्न असलेलं एका संस्थेचं हे महाविद्यालय आहे. मुली इथे नर्स व्हायला येतात. मला न्यायला आलेल्या माणसाने काचेला कुलूप लावून मागितलं, तेव्हा मिस्त्री रंधा बाजूला ठेवून म्हणाले, “सूचना लोकांनी वाचायच्या ना? मग कुलूप कशाला? सूचना कोन चोरनार हाय?”

सगळे हसले. कुलूप लागलंच. मिस्त्री आता नाहीत. पण त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे, आणि तेच सांगायला मी बसलो आहे.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? मला पडवीत, जिन्याच्या समोर टांगलं होतं. निकाल लागला की मुली काचेवर बोटं फिरवून आपलं नाव शोधायच्या. कोणत्या तुकडीची कुठल्या वॉर्डात ड्युटी, लसीकरणाच्या शिबिराला कोणी जायचं, तारापूरकडच्या कोणत्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली, हे सगळं माझ्या अंगावर असायचं. मनोरची एक मुलगी माझ्यावर लागलेला कागद वाचून परदेशी गेली आणि तिथून तिने पत्र धाडलं. तेही माझ्यावरच लागलं होतं. त्या दिवशी माझी चौकट ताठ झाली होती.

मग दिवस फिरले. प्रत्येकीच्या हातात मोबाईल आला. माझ्यावर विश्वस्तांचे वाढदिवस झळकू लागले. फुलांची चौकट, मध्ये हसरा चेहरा, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून वीस नावं. एक उतरला की दुसरा चढे. कामाचा कागद कोपऱ्यात अर्ध्या टाचणीवर लोंबायचा.

किल्ली होती एकनाथ चुरींकडे. हे आमचे हेडक्लार्क. सगळे त्यांना चुरीसाहेब म्हणतात. किल्ली त्यांच्या खिशात, आणि ओठांवर एकच वाक्य: “बोर्डावर लावली होती.” फॉर्मची तारीख गेली? बोर्डावर लावली होती. शिबिराला नाव राहिलं? बोर्डावर लावली होती. “वाचत नाही तुम्ही! नुसतं मोबाईलमध्ये डोकं!” असं वर ऐकवायचे. मित्रांनो, त्यांतल्या निम्म्या सूचना मी कधी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. पण माझ्या नावावर खपल्या. मला तोंड नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि एक रीत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दरवर्षी तपासणीला समिती येते. समितीला फाईल लागते आणि फाईलीत फोटो लागतो. सूचना लावली, हे फोटोवरून कळतं. त्या फोटोत महाविद्यालयाचं नावही दिसावं लागतं, नाहीतर समिती विचारते, हा बोर्ड कोणाच्या घरचा? म्हणून चुरीसाहेब कागद लावायचे, दहा पावलं मागे सरकायचे आणि नावासकट माझा अख्खा फोटो घ्यायचे. कितीतरी वेळा फोटो झाला की कागद लगेच खाली उतरायचा. समितीला फोटो पुरे, मुलींना काय करायचाय कागद!

हे सगळं एकच माणूस रोज पाहत होतं. रखमामावशी. ती पडवी झाडायची आणि ओल्या वर्तमानपत्राने माझी काच पुसायची. तिला अक्षरओळख नाही. पण कोणता कागद कधी आला आणि कधी गेला, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आता मेघालीचं सांगतो. मेघाली तामोरे, शेवटच्या वर्षाची मुलगी, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. आई शकू बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकते. ही मुलगी रोज सकाळी ड्युटीच्या बसला जाण्याआधी मला वाचायची. वरपासून खालपर्यंत. वाढदिवससुद्धा! बाकीच्या मुली हसायच्या. “काय गो, साहेबांना केक नेतेस का?” ती म्हणायची, “कुठं काय दडलेलं असंल, कोनाला ठाव?”

तिला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम शिकायचं होतं. त्याचं कारण तिने एकदा रखमामावशीला माझ्यासमोरच सांगितलं. तिच्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. बाळाला ऊब देणारी काचेची पेटी एका ठिकाणी रिकामी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी चालू नव्हती. मुंबईला नेताना मनोरच्या पुढे, हायवेवर, ते मेघालीच्या मांडीवर गेलं. “माज्या हातात व्हता त्यो, मावशी,” ती म्हणाली. “आनि मला काय करायचं तेच म्हाईत नव्हतं.”

एका बाळाला काच मिळाली नाही, आणि इथे वाढदिवसांच्या चित्रांवर काच, वर कुलूप! माझं लाकूड आहे म्हणून बरं. नाहीतर त्याच दिवशी फुटलो असतो.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या चार तारखेला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाचं पत्र आलं. नवजात बाळांच्या देखभालीचं दहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. राहणं, जेवण आणि विद्यावेतन त्यांचं. प्रत्येक महाविद्यालयातून एकच मुलगी मुलाखतीतून निवडणार. सूचना पंधरा दिवस बोर्डावर लावावी, अर्ज पंचवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

चुरीसाहेबांनी पत्र वाचलं आणि खणात घातलं. त्यांची भाची रूपल त्याच वर्गात होती. मामाने फॉर्म दिला, तिने भरला. तिला बाकीचं किती माहीत होतं, ते मला सांगता येणार नाही. मी तिच्यावर आळ घेत नाही. मामावर घेतो, आणि खुशाल घेतो.

मध्ये बारा तारखेला परिचारिका दिन झाला. रांगोळीची स्पर्धा झाली. चौदा तारखेला तिचा निकाल माझ्यावर लागला. मेघालीला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. ती त्या कागदासमोर उभी राहून फणफणली होती. “उत्तेजनार्थ! चार तास उन्हात बसले, कंबर मोडली, आनि उत्तेजनार्थ!” अख्खी पडवी हसली होती.

पंधरा तारखेला दुपारी, मुली वॉर्डात असताना, चुरीसाहेबांना फाईलीची आठवण झाली. त्यांनी रखमामावशीकडून काच पुसून घेतली. ते पत्र माझ्या मधोमध लावलं, दहा पावलं मागे गेले, फोटो काढला. पत्र पुन्हा खिशात. मोजून पाच मिनिटं ते माझ्या अंगावर होतं. फोटोची छापील प्रत फाईलीत गेली आणि तिच्याखाली त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘दिनांक ५ मे रोजी लावली.’

पंचवीस तारखेला दुपारी वॉर्डातल्या सिस्टर मेघालीला सहज म्हणाल्या, “तुमच्या कॉलेजातून एकच अर्ज गेलाय म्हणे त्या बाळांच्या ट्रेनिंगला. तू कसा नाही भरलास? तू तर रोज तेच बोलतेस.”

ती गणवेशातच रिक्षा करून आली. पळतच पडवीत शिरली आणि आधी माझ्यासमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. मग तळहाताने माझ्या काचेवर अशी थाप मारली की कोपऱ्याला तडा गेला. “कुटं हाय?” ती माझ्यावर ओरडली. “सांग ना, कुटं हाय?” मित्रांनो, इतक्या वर्षांत मला तोंड नसल्याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

चुरीसाहेब दारात आले. “बोर्डावर लावली होती,” ते म्हणाले. “पंधरा दिवस.”

“नाय लावली, सर. मी रोज वाचते.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

आवाज ऐकून प्राचार्या चारुता मॅडम बाहेर आल्या. चार वाजून गेले होते. चुरीसाहेबांनी झोकात फाईल मागवली, उघडली आणि मॅडमच्या पुढे धरली. “हा घ्या पुरावा. कॉलेजचं नाव दिसतंय, सूचना दिसतेय, तारीख खाली आहे. आणि हिने काच फोडली, तेही बघून घ्या.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी त्या दिवशी याचि देही, याचि काचा पाहिल्या.

मॅडमनी फोटो पाहिला आणि मान हलवली. “मेघाली, सूचना तर दिसतेय. आता काय बोलायचं?”

मेघालीने फोटो हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, तरी तिने तो वाचला. सवयच होती तिला, वरपासून खालपर्यंत वाचायची. आणि मग तिने डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“मॅडम, पाच तारखेच्या फोटोत माजं उत्तेजनार्थ कुठून आलं?”

मॅडमनी चष्मा लावला. माझ्या डाव्या कोपऱ्यात रांगोळीचा निकाल स्वच्छ दिसत होता. बारा तारखेची स्पर्धा, चौदा तारखेला लागलेला कागद, आणि फोटो म्हणे पाच तारखेचा! हात दाखवून अवलक्षण ते हेच. माझं नाव फोटोत यावं म्हणून साहेब दहा पावलं मागे सरकले आणि माझ्यासकट सगळं खरं त्यात आलं. मला तोंड नव्हतं, पण माझा कोपरा बोलला.

“फोटो... फोटो नंतर काढला असेल,” चुरीसाहेब म्हणाले. “सूचना आधीपासून होती. विचारा कोणालाही.”

“मला इचारा,” जिन्यापाशी झाडू घेऊन उभी असलेली रखमामावशी म्हणाली. “मला वाचता येत नाय, मॅडम. पन काच मी पुसते. रांगोळीच्या दोन-तीन दिसांनी साहेबांनी पुसाया लावली, ह्यो कागद लावला, फोटो काढला नि काढून खिशात घातला. त्याच्या आदी नव्हता, नंतर बी नव्हता.”

“तू गप गं!” चुरीसाहेब ओरडले.

“आजवर गपच व्हते,” मावशी म्हणाली.

साडेचार वाजता मेघालीचा अर्ज मॅडमच्या सहीने ईमेलवर गेला. मुलाखत झाली. बाळ गार पडत असेल आणि काचेची पेटी नसेल, तर काय कराल, असं विचारलं, तेव्हा मेघाली म्हणे वीस मिनिटं बोलत होती. जागा तिला मिळाली.

टाळ्या वाजवू नका. पुढचं ऐका. मॅडम म्हणाल्या, “घरातला विषय घरातच राहू दे.” चुरीसाहेबांची खुर्ची हलली नाही. रखमामावशी मात्र कंत्राटी होती. तिला कंत्राटदाराने सांगितलं, एक तारखेपासून येऊ नकोस. आणि मी? बैठकीत ठरलं की जुन्या फलकामुळे गैरसमज होतात. वड्याचं तेल वांग्यावर! माझ्या जागी टीव्हीचा पडदा लागला आणि मला कोठीत टाकलं. शेजारी मुली ज्याच्यावर शिकतात तो रबरी पेशंट होता, एक पाय तुटलेला. वर्षभर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून काढलं. तोही बिचारा मुकाच.

या मे महिन्यात मेघाली प्रमाणपत्र दाखवायला आली. पडवीतल्या पडद्यावर कागद सरकत होते, दर आठ सेकंदांनी एक. वाढदिवस, वाढदिवस, गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा, मग यंदाच्या प्रशिक्षणाची सूचना, पुन्हा वाढदिवस. मध्येच वीज गेली आणि पडदा काळा झाला. मेघाली तडक मॅडमकडे जाऊन म्हणाली, “मॅडम, तो बोर्ड मला द्या.”

“तडा गेलेला? ने बाई. भंगारच आहे.”

रखमामावशी आता रस्त्यावर, बसच्या शेडखाली उकडलेल्या शेंगा विकते. दोघींनी मला उचललं आणि शेडच्या भिंतीवर तारेने बांधलं. मेघालीने काच काढली. कुलूप तिने ओढ्यात भिरकावलं, तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मग यंदाच्या प्रशिक्षणाचं पत्र छापून माझ्या मधोमध लावलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आज लावली, ६ मे. पंचवीसपर्यंत कोणी काढू नये.’ यंदा अर्ज गेले अकरा.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी म्हणायचं असतं की आमची काळजी घ्या. मी म्हणणार नाही. मला आता काच नाही. खारा वारा लागतो, कापड विटेल, दोन पावसाळ्यांत लाकूड कुजेल. कुजू दे. तुम्ही एवढंच करा. कोणी म्हणालं, “बोर्डावर लावली होती,” तर मान खाली घालू नका. कधी लावली ते विचारा. आणि काच कोण पुसत होतं, तिलाही विचारा.

चुरीसाहेब रोज सकाळी याच शेडसमोर उतरतात आणि माझ्याकडे न बघता आत जातात. त्यांची पाठ वळली की रखमामावशी शेंगांचं टोपलं खाली ठेवते, बसची वाट बघणाऱ्या एखाद्या पोरीला हाताला धरून माझ्यापुढे उभी करते आणि म्हणते, “आज काय लिवलंय गो? मला येत नाय. वाच. मोठ्यानं वाच.”