हरण्यापुरते शब्द

भीमराजभाऊंना हरायचं होतं, आणि हरण्यासाठीसुद्धा माणसाला इतकी मेहनत घ्यावी लागते हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. सकाळचा चहा झाला की ते मोबाइल घेऊन गॅलरीत बसत आणि वाट्याला आलेली सात इंग्रजी अक्षरं एका वेबसाइटवर टाकत. त्या अक्षरांतून होणारे झाडून सगळे शब्द ती पुढ्यात ओतायची. वर लांबलचक, भरपूर गुणांचे आणि तळाला चिल्लर. भाऊ सरळ तळाशी जात.

"अहो, या वयात अक्षरं कसली खेळवताय?" कस्तुराबाई म्हणत. पण येता-जाता त्याच विचारत, "आली का तिची खेळी?"

ती म्हणजे मैत्री, त्यांची थोरली लेक. दोन वर्षांपूर्वी तिनं धनेशशी रजिस्टर लग्न केलं आणि घरी नंतर सांगितलं. मुलाच्या जातीशी भाऊंना काही देणंघेणं नव्हतं, पण आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. रागाच्या भरात ते तिला नाही नाही ते बोलले. तीही त्यांचीच लेक. पुनावळ्याला बिऱ्हाड केलं आणि निगडीच्या माहेराकडे फिरकली नाही. आईशी तेवढी फोनवर बोलायची.

मग धाकट्या सनीनं चाकणच्या कंपनीतून सुट्टीवर आल्यावर दोघांच्या मोबाइलवर हा शब्दांचा खेळ टाकला आणि दोघांना जोडून दिलं. एकानं पटावर शब्द ठेवायचा, दुसऱ्यानं त्याला आपला जोडायचा. बोलायचं काही नाही, त्यामुळे दोघांनाही झेपलं. मैत्रीची खेळी आली की लेक सुखरूप आहे, तिनं आपल्यावर अजून फुली मारलेली नाही, इतकं सगळं भाऊंना एका शब्दात कळायचं.

भाऊंचं इंग्रजी कंपनीतलं. आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. टूल, जिग, गेज यांच्यावर किती दिवस भागणार? म्हणून सनीनंच ती वेबसाइट दाखवली. एकदा तिच्यावरून त्यांनी असा काही अगडबंब शब्द उचलून ठेवला, की त्याचा अर्थ त्यांना आजही माहीत नाही. एका फटक्यात डाव जिंकले. मिशीला पीळ देऊन झाला, कस्तुराबाईंना दाखवून झालं. आणि मग आठवडाभर मैत्रीनं नवा डावच मांडला नाही. ते रिकामं गॅलरीत बसणं भाऊंना खायला उठलं.

अखेर नवा डाव आला तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून जिंकायचं नाही. शिफ्ट सुटताना पुढच्या माणसासाठी मशीन पुसून, जॉब लावून ठेवायची त्यांची रीत होती. तसंच ते आता लेकीसाठी तिप्पट गुणांचं लाल घर मोकळं सोडत आणि शेजारी, तिला सहज जोडता येईल असा बारका शब्द ठेवत. तिनं ते घर पटकावलं की यांचा चेहरा खुलायचा.

एका रविवारी दुपारी जेवणं आटोपत असताना बेल वाजली. कस्तुराबाईंनी दार उघडलं, तर समोर मैत्री. हातात हेल्मेट, घामाघूम.

"पप्पा कुठायत?" म्हणत ती चप्पल न काढताच आत आली.

भाऊ हात धुऊन टॉवेल शोधत होते. तिला पाहून ते जागच्या जागी थिजले.

"पप्पा, दोन्ही हात वर करा."

"अगं, पण..."

"करा म्हणते ना!"

भाऊंनी ओले हात वर केले.

"आता हसून दाखवा."

भाऊंचे थोरले भाऊ रोहिदास यांना अर्धांगवायू झाला, त्याआधी काही दिवस त्यांना साधे शब्द आठवेनासे झाले होते. मैत्रीनं काकांचं ते सगळं जवळून पाहिलं होतं; दोन्ही हात वर होतात का, हसताना तोंड वाकडं होतं का, हे डॉक्टरांनी तपासलेलंही. आणि इथं अगडबंब शब्द ठेवणारा बाप एकाएकी दोन-तीन अक्षरांवर आला होता. तिनं सरळ गाडीला किक मारली.

भाऊ हसायला गेले. पण दोन वर्षांनी लेक समोर उभी होती. ओठ एकीकडे ओढले गेले, हनुवटी थरथरायला लागली आणि तोंड पार वाकडं झालं.

"आई, बघ! रिक्षा बोलाव, लवकर!"

"रडतायत गं ते, वेडे," कस्तुराबाई म्हणाल्या.

मैत्रीनं बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला. "मग असं का खेळत होता?"

"मी जिंकलो की तू खेळायची थांबतेस. तो एक आठवडा पुरे झाला मला. त्यापेक्षा हरलेलं बरं."

"पप्पा, त्या आठवड्यात आम्ही घर बदलत होतो. सांगवीला आलोय आता. मला कुठली सवड?"

भाऊंनी कस्तुराबाईंकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं की. तुम्ही कधी विचारलंत?"

भाऊ मटकन खुर्चीत बसले. लेकीला कुठलं अक्षर कुठं जोडता येईल याची रोज काळजी वाहणाऱ्या बापाला ती राहते कुठं हे माहीत नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, मैत्री," ते म्हणाले. "घर दाखवशील?"

"आत्ता?" मैत्रीनं डोळे पुसले. "नुसता पसारा आहे, पप्पा. निम्मी खोकी अजून फोडलेली नाहीत."

"मग बाप कशाला आहे?" म्हणत भाऊ चपला शोधायला उठले.